खुरावरची रेघ

गोल्फ नावाचा खेळ मी आजतागायत प्रत्यक्ष पाहिलेला नाही. नातवानं मोबाइलवर दाखवला तेवढाच, आणि तोही पाच मिनिटांत बंद करायला लावला. एक माणूस गवतावर उभा राहून पायाशी बघतोय, बघतोय, बघतोय, आणि मग चेंडूला हळूच ढोसतोय. संपलं. पण तो माणूस वाकून ज्या रेघेकडे बघत होता ना, तसली रेघ मी माझ्या तरण्या वयात शेकड्यांनी मारली आहे. त्या रेघेनं मला वर्षभर कोंडून ठेवलं होतं. रेघेनं म्हणजे खरं तर माझं मीच. ते सांगण्यात माझी अब्रू जाते, पण आता या वयात अब्रू शिल्लक ठेवून करायचं काय?

माझं माहेर कराडला लागून असलेल्या मलकापूरचं. वडील गवंडी. गावातल्या निम्म्या भिंती त्यांच्या हातच्या. मी अकरावी पास झाले तेव्हा आमच्या आळीत पेढे वाटले होते आणि मी आठवडाभर मान वर करून चालले होते. लग्न ठरवताना वडिलांनी एकच अट घातली, पोरीला साताऱ्याला डीएड करू द्यायचं. मामंजी, म्हणजे माझे सासरे, लगेच म्हणाले, "आवं, त्यात काय? शिकू दे की. घरात मास्तरीण आली तर आमालाच बरं." लग्नाच्या यादीत पातळं लिहिली, भांडी लिहिली, नवऱ्याचा पोशाख लिहिला. ही अट तेवढी तोंडी राहिली. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. मी कसली हुशार! अकरावी पास!

सासर कुपवाडचं. बहात्तरच्या दुष्काळाला दोनेक वर्षं झाली असतील. तिथं तेव्हा एकेक करून कारखाने उभे राहत होते आणि सकाळी कामगार सायकलींवरून यायचे. आमचं घर पुढं आणि मागं पत्र्याची शेड. शेडमध्ये पितळेचं ओतकाम चालायचं. नळाच्या तोट्या, दाराच्या कड्या, देवळातल्या घंटा. मामंजी भट्टीवर, आमचे हे लेथवर, चार कामगार कानशी आणि पॉलिशवर. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून दोन्हीकडे लक्ष ठेवायच्या.

माझं जग म्हणजे चूल, हौद आणि शेडचं दार. पुढच्या फाटकाला कुलूप कधीच नव्हतं. असतं तर बरं झालं असतं, निदान भांडता तरी आलं असतं. फाटकाकडे पाऊल टाकलं की आत्याबाई विचारायच्या, "कुटं निघालीस गं बाळा?" एवढ्या मायेनं विचारायच्या की पाऊल आपसूक मागं फिरायचं. सांगलीच्या बाजारात जायचं ते त्यांच्याबरोबर, यायचं ते त्यांच्याबरोबर. पितळेचा कीस केसांत, पदरात, भाकरीच्या पिठात. संध्याकाळी केस झटकले की फरशीवर चकचक सांडायची, आणि एवढं सोनं अंगावर असून मला कुठं जाता येत नव्हतं.

अशात मुंबईच्या एका व्यापाऱ्याकडून पेटी आली. पेटीत पितळेचा एक ठोकळा होता, एका अंगाला सपाट, दुसऱ्या अंगाला गोलसर, वर काठी बसवायला तिरकं भोक. सोबत इंग्रजीत पत्र. घरात इंग्रजी येणारी मी एकटी, म्हणून मला शेडमध्ये बोलावलं. चुलीपासून शेडपर्यंतची ती माझी पहिली मानाची वारी. मी पदर सारखा करून, घसा साफ करून वाचलं. गोल्फ खेळायच्या काठीचं हे खालचं टोक. असले ठोकळे परदेशी पाठवायचे. पण खेळणाऱ्यांची तक्रार अशी, की चेंडूला टोला मारताना ठोकळ्याचं तोंड नक्की कुणीकडे आहे ते कळत नाही. तरी नेम धरता येईल अशी एक खूण करून द्यावी.

मामंजींनी ठोकळा हातात फिरवला. "म्हशीच्या खुरागत दिसतंय की रं," ते म्हणाले. तेव्हापासून आमच्याकडे त्याचं नाव खूर.

आता खूण करायची कुठं? आमच्यापैकी कुणी तो खेळ बघितला असेल तर शपथ. बघितला होता तो शेजारच्या हवालदारकाकांनी. पलटणीत असताना ते छावणीतल्या साहेबांबरोबर मैदानावर जायचे. मामंजींनी त्यांना बोलावलं, चहा पाजला. काकांनी मिशीवरून हात फिरवला.

"म्या सांगतो. साहेब लोक लांबनं गोळी ढकलत आनत्यात भोकापत्तर. भोकात झेंडा आसतोय. त्यो झेंडा धरून उबं कोन? आमी. साहेब समोर. काठीचं पितळ आसं सरळ आपल्या तोंडाकडं येतंय. तवा खून करायची ती हितं, म्होरल्या तोंडावर, मदोमद. नाम ओढल्यागत."

"वा!" मामंजी म्हणाले. "माहीतगार मानूस पायजेच."

माहीतगार माणसानं मैदानावर बारा वर्षं काढली होती ती सगळी झेंड्यापाशी, काठीच्या समोर उभं राहून. काठी ज्याच्या हातात, त्याला ती कशी दिसते हे ना त्यांनी कधी बघितलं, ना आमच्या मनात आलं. आम्ही घंटा, मूर्ती घडवणारी माणसं. आमच्याकडे वस्तू तोंडापुढं धरून, तिच्या तोंडाकडे बघूनच पारखायची. मी तर वरून शहाणपण केलं, "रेघ जरा ठसठशीत मारा, लांबनं दिसाया पायजे." झालं. पहिल्या खेपेतल्या प्रत्येक खुराच्या तोंडावर एक देखणी उभी रेघ मारून आम्ही पेट्या रवाना केल्या.

पेट्या तशाच परत आल्या. पत्र मी मोठ्यानं वाचायला घेतलं आणि दुसऱ्या ओळीला माझा आवाज खाली गेला. व्यापाऱ्यानं लिहिलं होतं, ही रेघ फक्त चेंडूला दिसते. खेळणारा वर उभा असतो. त्याला काय दिसतं याचा विचार केला आहे का?

काका तेव्हापासून आठवडाभर आमच्या घरावरून न जाता मागच्या बोळानं जायचे.

दुसऱ्या खेपेला आमच्या ह्यांनी खूर लोखंडी पकडीत आवळला, तोंडाला गुण्या लावून अगदी काटकोनात रेघ धरली आणि करवतीच्या पात्यानं वरच्या अंगावर खाच पाडली. मग कामगारांनी चाकावर धरून पॉलिश केलं. असं चमकवलं की त्यात बघून कुंकू लावून घ्यावं. तेही परत आलं. उन्हात पितळ एवढं चमकतं की खाच दिसतच नाही, आणि दिसलीच तर डावीकडे कललेली वाटते. हे चिडले. "गुण्या लावलाय म्या! कललेली कशी वाटंल?" गुण्या पुन्हा लावला, तर रेघ बिनचूक. मग मुंबईच्या माणसांचे डोळेच तिरळे, असं शेडमध्ये सर्वानुमते ठरलं.

आता माझी गोष्ट. मे संपत आला होता आणि साताऱ्याच्या विद्यालयाला मी वडिलांकरवी अर्ज धाडला होता. रोज मामंजींना विचारायची, "मामंजी, सातारचं कसं करायचं?" ते म्हणायचे, "एवढी खुराची भानगड मिटू दे, मग बघू." म्हणजे माझ्या आणि साताऱ्याच्या मधे तो खूर येऊन पडला होता. मला तो खूर स्वप्नात लाथा मारायचा.

एका सकाळी अंगणात सडा घालून मी ठिपक्यांची रांगोळी काढत होते. ठिपके जोडताना मी नेहमी पाय फाकून, त्यांच्या थेट वर वाकून उभी राहायची, कारण बाजूला बसून काढलं की ओळ हमखास तिरकी जायची. एवढी वर्षं हे हाताला ठाऊक होतं, डोक्याला नव्हतं. त्या दिवशी डोक्याला कळलं. हातातली रांगोळी तशीच टाकून मी शेडमध्ये गेले, परत आलेला एक खूर उचलला, त्याच्या भोकात कळकाची काठी ठोकली आणि खूर रांगोळीच्या सरळ ओळीवर टेकवून काठी धरून उभी राहिले. वरून बघितलं.

व्यापारी खरं बोलत होता. भोक तिरकं असल्यानं काठी धरली की खुराची टाच इवलीशी उचलली जायची आणि सगळा खूर जरासा वळायचा. पकडीत आवळल्यावर सरळ असलेली रेघ जमिनीवर आली की कलायची. रेघ मारायची ती खूर जमिनीवर, काठी भोकात आणि डोळा वर असताना. आणि वरचं अंग चमकवायचंच नाही. कानशीचा खरखरीतपणा तसाच ठेवायचा आणि खाचेत रांगोळीसारखा पांढरा रंग भरायचा.

मी एक खूर तसा करून मामंजींपुढं नेला. त्यांना काठी धरून उभं केलं. त्यांनी खाली बघितलं, माझ्याकडे बघितलं, परत खाली बघितलं.

"आयला," ते म्हणाले. सुनेपुढं एवढंच म्हणाले, पण ते मला पुरणपोळीएवढं गोड लागलं.

मग सगळ्या खुरांवर मीच रेघा मारल्या. पेट्या गेल्या आणि या वेळी परत आल्या नाहीत. त्याच आठवड्यात साताऱ्याहून पत्र आलं, की सोमवारी जातीनं हजर व्हावं, नाहीतर जागा दुसऱ्याला जाईल. मामंजींनी पत्र ऐकून घेतलं. "जा की," म्हणाले. "शब्द दिलाय म्या." नंतर खिन्न आवाजात पुढं म्हणाले, "सोमवारी ते मुंबईचे शेटजी सोता येनार हाईत. रेघ कुनी मारली इचारतीत. सांगतो म्या, ती गेली म्हनून."

हे ऐकून मी कसली हुरळले म्हणता! मुंबईचा शेटजी. मला बघायला. मला!

सोमवारी सकाळी ह्यांनी माझी ट्रंक सायकलच्या कॅरिअरला बांधली. एस.टी. स्टँडपर्यंत मला डबलसीट न्यायचं ठरलं होतं. हे फाटकाबाहेर एक पाय टेकून उभे.

"येतीस न्हवं?"

"आवं, जरा थांबा की. शेटजी येत्यात म्हनं."

"गाडी थांबायची न्हाई तुझ्यासाटी."

"दुसरी आसंल."

वेळेत पोचवणारी दुसरी नव्हती, मला माहीत होतं. ह्यांनी अर्धा तास वाट बघितली, मग सायकल आत आणून भिंतीला टेकवली आणि ट्रंकेच्या दोऱ्या सोडल्या. त्या दोऱ्या सोडताना त्यांचे हात किती सावकाश चालले होते, ते मी न्हाणीच्या दारातून बघितलं. बघितलं, आणि आरशापुढं जाऊन भांग पुन्हा पाडला.

शेटजी दुपारी आले. खादीची टोपी, हातात रुमाल. मला पुढं बोलावलं. मी खाली मान घालून, पण कान टवकारून उभी. ते म्हणाले, "बेन, तुमची नजर म्हणजे सोनं आहे. आता रेघ दुसऱ्या कोणाच्या हाती देऊ नका." मामंजी हसले. हवालदारकाका, जे आता पुढच्या रस्त्यानं यायला लागले होते, म्हणाले, "जिल्ह्यात आशी नजर न्हाई." आणि मी, साताऱ्याची जागा हातची घालवून, त्यांना पोहे वाढले. वर शेव जास्त घातली!

आता हसू येतं. तेव्हा महिनाभर मी जमिनीपासून दोन बोटं वरनं चालत होते. मग हळूहळू पाय खाली टेकले आणि कळलं, की आपण कुठं उभे आहोत.

शेडच्या कोपऱ्यात, खिडकीपाशी माझी जागा ठरली. खिडकीला शेडमध्येच केलेले गज. सकाळी स्वयंपाक उरकून तिथं उभं राहायचं ते दिवस मावळेपर्यंत. खूर जमिनीवर, काठी डाव्या हातात, मान खाली, सुई उजव्या हातात. आधी सुईनं खूण करायची, मग खाली बसून पात्यानं खाच, मग काडीनं रंग. परत उठायचं, बघायचं. परत बसायचं. दुसरा खूर. नखांत पांढरा रंग बसला तो बसलाच. जगातली प्रत्येक गोष्ट मला वाकडी दिसायला लागली. चौकटी वाकड्या, भाकरी वाकडी, आत्याबाईंचा भांग वाकडा. खिडकीतून सांगलीकडे जाणारी बस दिसायची आणि तीही मला जराशी डावीकडे कललेली वाटायची.

साताऱ्याचं नाव काढलं की मामंजी माझं कौतुक करायचे. सुटायची वाट बंद करायची याहून सोपी युक्ती मी बघितली नाही. "मामंजी, औंदा तरी..." म्हणेपर्यंत ते म्हणायचे, "पोरी, तुझ्यावानी रेघ कोन मारंल सांग? शेड बंद पडंल." आणि मी पुढचा खूर हातात घ्यायची. कारण मलाही ते खरं वाटायचं. वाटायचं कसलं, हवं होतं! ह्यांनी दोनदा सांगून बघितलं, "मला शिकीव, मी मारतो." मी शिकवताना मुद्दाम अर्धंच सांगायची. त्यांची रेघ कलली की मान हलवून म्हणायची, "न्हाई हो जमत तुमाला." अशी मी!

पंचमीला माहेरी गेले नाही. दिवाळीला दोन दिवस. संक्रांतीला पाठीत उसण भरली, तर आत्याबाईंनी तेल चोळलं आणि दुसऱ्या दिवशी परत खिडकी.

उन्हाळ्यात वडील नवीन अर्ज घेऊन आले. खांद्याला कामाची पिशवी तशीच, कुठल्याशा बांधकामावरून सरळ आले होते. मला शेडमधून बोलावलं. मी पाठ धरून बाहेर आले.

"सही कर," ते म्हणाले.

"आन्ना, न्हाई जमायचं. माझ्याबिगर त्यांचं चालत न्हाई."

"का?"

"रेघ नजरेची हाय. दुसऱ्याला येत न्हाई."

वडिलांनी पिशवी खांद्यावरून उतरवली. मग पिशवीत हात घालून त्यांनी ओळंबा काढला, दोरीला बांधलेलं ते लोखंडी वजन, भिंत सरळ आहे का बघायला गवंडी सोडतात ते.

"आमी भिंत नजरेनं बांदत आसतो, तर म्या आजारी पडलो की काम थांबलं आसतं. माझ्या हाताखालचं गडी काय माझं डोळं घिऊन येत्यात व्हय? ह्यो घिऊन येत्यात." त्यांनी ओळंबा माझ्या हातात ठेवला. "तुझ्यावाचून आडंल आसं काम तूच करून ठेवलंयस. मोडायचंबी तूच."

मी सही केली. पण सांगू? ओळंब्याचा मला रागच आला. माझी सोन्याची नजर, आणि त्याच्या बदल्यात हा लोखंडाचा गोळा!

चार दिवस तो पदरात घेऊन हिंडले. पाचव्या दिवशी ह्यांना म्हटलं, "तुमाला पुरतं शिकवलंच न्हाई म्या." हे म्हणाले, "ठावं हाय." बस. दोघांनी मिळून एक जुना जेवायचा पाट घेतला. त्यावर एक पट्टी ठोकली, खुराचं तोंड टेकवायला. काठी जेवढी तिरकी धरायची तेवढीच तिरकी राहील अशी मागं एक खुंटी. वर कमान करून ओळंबा सोडला. पाटाशी उभं राहून खाली वाकायचं आणि दोरी आणि वजन एकाखाली एक येऊन नुसता ठिपका दिसला की डोळा बरोबर वर आला समजायचं. मग ओळंबा बाजूला सारून, खुरावर पट्टीला काटकोनात बसवलेल्या पत्र्याच्या फटीतून सुई ओढायची. वर्षभर माझी मान जे करत होती, ते पाटानं करायला सुरुवात केली.

रविवारी शेड बंद असताना पाट मामंजींपुढं मांडला. हवालदारकाका आलेच होते, ते कुठं चुकतात! ह्यांनी तीन खूर केले. तिन्हींच्या रेघा सरळ.

मामंजींनी मान डोलावली. "झाक हाय. पन ह्यो हितं बसला तर लेथ कोन चालवनार? आन् बाकीच्यांचे हात कानशीचे. रंग भरताना बदाबदा सांडत्याल." माझ्याकडे बघून हसले. "शेवटी तूच गं पोरी."

माझ्या आशेवर पाणी पडलं. आणि त्याच वेळी आत कुठंतरी एक गुदगुली झाली, तीही झाली. खोटं कशाला बोलू?

उंबऱ्यावर आत्याबाई तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं, पदराला हात पुसले.

"सरा तिकडं," त्या म्हणाल्या.

"तू?" मामंजी म्हणाले.

"तुमी पांघरताय ती वाकळ कुनी शिवली? दोन बोटांवर दोरा, ह्या टोकापासनं त्या टोकापत्तर. कवा वाकडा गेलाय? सरा."

वाकळ म्हणजे आमच्याकडची गोधडी. त्यांची वाकळ बघून बायका टाके मोजायच्या. इतकी वर्षं मी ती पांघरून झोपत होते, पण ते टाके माझ्या डोळ्यांत कधी भरले नव्हते. माझी नजर सोन्याची ना!

आत्याबाईंनी खूर टेकवला. वाकून ओळंबा बघितला, सुई ओढली. खाच पाडली. मग गवताच्या काडीनं रंग असा भरला की एक थेंब बाहेर आला नाही. ह्यांनी तो खूर आणि माझा एक जुना खूर शेजारी शेजारी मांडून दोन्हींना काठ्या लावल्या. हवालदारकाका आता काठीच्या मागं उभं राहायला शिकले होते. त्यांनी ही धरली, ती धरली.

"वैनी," ते म्हणाले, "सुनंपेक्षा बरी हाय की तुमची."

आता यावर कुठल्याही शहाण्या पोरीनं नाचायला हवं होतं. वर्षभर जिथून सुटायला बघत होते ते दार सताड उघडलं होतं. आणि माझ्या तोंडून काय निघालं?

"जरा तिरपी वाटतीया."

ह्यांनी असं बघितलं, की वाटलं आता हातातला खूर घालतात डोक्यात. आत्याबाई मात्र शांत. त्यांनी सुई माझ्यापुढं धरली.

"तिरपी हाय? बरं. मग ऱ्हा घरी, आन् मार सरळ."

मी एकदा सुईकडे बघितलं, एकदा खिडकीच्या गजांकडे.

"न्हाई न्हाई," मी म्हटलं. "सरळ हाय. लय सरळ हाय."

काका हसले, हे हसले, शेवटी मामंजीही हसले आणि मग कपाळाला हात लावून म्हणाले, "जा बाई. शब्द दिलाय म्या." या वेळी 'पण' आलं नाही.

जूनमध्ये हे मला सायकलवर एस.टी. स्टँडला घेऊन गेले. अर्धा तास आधीच. "मागच्या साली तुझ्यापायी गाडी चुकली," म्हणाले, "औंदा गाडीची वाट बघ." मी मुकाट्यानं ट्रंकेवर बसून राहिले.

मुंबईची पत्रं मात्र इंग्रजीतच यायची. ती साताऱ्याला माझ्या वसतिगृहावर यायची, मी मराठीत उतरवून परत कुपवाडला धाडायची. श्रावणात असंच एक पत्र आलं. माल मिळाला, पुढचा माल अमुक वेळेत पाठवा, पेट्यांत भुसा जास्त घाला. आणि खाली एक ओळ होती, की या खेपेच्या रेघा आजवरच्या सगळ्या खेपांपेक्षा उत्तम आहेत, कारागीर बदलला असल्यास आता हाच कायम ठेवावा.

मी सगळं पत्र उतरवलं. भुसासुद्धा. ती एक ओळ गाळली.

दिवाळीला घरी गेले तेव्हा माझ्या खिडकीपाशी आत्याबाई होत्या. पाट, ओळंबा, रंगाची वाटी, सगळं जागच्या जागी, माझ्या वेळेपेक्षा नीट. मी बॅग ठेवून शेडमध्ये गेले.

"आलीस?" मान वर न करता त्या म्हणाल्या. "शेटजीच्या पत्रात आनि काय व्हतं गं?"

"काय न्हाई. भुसा जास्त घाला म्हनत व्हते."

"बरं."

त्यांनी एक खूर काठीला लावून माझ्या पायाशी टेकवला. "धर. बघ वरनं."

मी काठी धरली. वरून बघितलं. खरखरीत पितळेवर पांढरी रेघ, या काठापासून त्या काठापर्यंत, मधे कुठंही जाड नाही, बारीक नाही. मी बराच वेळ खोट शोधली. सवयच होती ती.

"कशी हाय?"

"...बरी हाय, आत्याबाई. माझ्यापरीस बरी हाय."

"मग पत्रातबी तसंच काय तरी आसनार," त्या म्हणाल्या आणि पुढचा खूर पाटावर घेतला. "सर आता. उजेड आडवू नगंस."